कोणत्या साहेबांचे पीए?

नोकरी करणाऱ्याकडे अनुभव साठतो, नोकरी शोधणाऱ्याकडे किस्से! आमच्याकडे तर इतके साठले की मध्यंतरी नाझिया म्हणाली, "वैशू, बायोडेटात हेच लिहू या. निदान कोणी वाचेल तरी!"

आम्ही म्हणजे तिघं. मी वैशाली पाटील, नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्याची. घरी शेती, मिरची आणि पपई. नाझिया नंदुरबार शहरातली. तिच्या अब्बांचं बांगड्यांचं जुनं दुकान आहे, आणि हिच्या जिभेला धार आहे. तिसरा दिनेश वसावे, सातपुड्यात काठी गावाच्याही पलीकडच्या एका पाड्यावरचा. बोलतो कमी. भाषा मात्र सगळ्या येतात. घरी भिली, बाजारात अहिराणी, कॉलेजात मराठी आणि चिडला की हिंदी.

तिघंही नाशिकच्या एका कॉलेजात एकाच बॅचला होतो. कोर्सचं नाव फिजिशियन असिस्टंट. चांगली चार वर्षांची डिग्री! पेशंटची हिस्ट्री घ्यायची, त्याला तपासायचं, ऑपरेशनची तयारी करायची, टेबलावर सर्जनला असिस्ट करायचं, नंतर ड्रेसिंग, टाके, डिस्चार्ज, सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. डॉक्टरचा तिसरा हात म्हणा.

शेवटचं वर्ष एका मोठ्या हॉस्पिटलात काढलं. तिथं सर्जन आमच्यावाचून गाऊन बांधत नसत. आम्हाला वाटलं, आपल्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांना तर जेवायला फुरसत नसते. ते आपल्याला पायघड्या घालतील!

कसल्या पायघड्या न् कसलं काय. ऐका आता.

*

डिग्री घेऊन घरी आले आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं गावभर सांगून टाकलं, "पोरगी पीए झायी!" कॉलेजात सगळे पीएच म्हणायचे, म्हणून आप्पाही तेच म्हणाले. त्यांचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी भिला अण्णा दारात. अण्णा म्हणजे आमच्या गल्लीतले जुने पुढारी. टोपी, कडक इस्त्री आणि काखेत कागदांची पिशवी. चहा होईपर्यंतही दम नव्हता त्यांना.

"बेटा, तुन्हा साहेबले सांग ना! मन्हा वावरना रस्ता मंजूर करी दे म्हना. लयी दिन व्हयनात, कोनी आयकतच नही!"

"कोणत्या साहेबांना, अण्णा?"

"ज्याना तू पीए शे, त्याले!"

मग मी त्यांना सगळं समजावलं. हिस्ट्री, तपासणी, ऑपरेशन, सर्जनच्या समोर उभं राहून धरायचा चिमटा, सगळं. अण्णांनी मन लावून ऐकलं. चहा संपवला, मिशा पुसल्या आणि माझ्याकडे न बघता आप्पांकडे वळून विचारलं, "मंग कोना पीए शे हाई?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "आजून कोनाच नही."

अण्णांनी पिशवी उचलली. "ठरनं म्हंजे सांगजो!"

*

अण्णांचं ठीक आहे हो, ते शेतकरी माणूस. पण शिकलेल्यांचं काय करायचं?

नंदुरबारला एका सर्जनच्या हॉस्पिटलबाहेर पाटी लागली होती, "असिस्टंट पाहिजे." मी धावत गेले. मोठी केबिन, भिंतीवर सर्टिफिकेटं, टेबलावर काचेखाली देवाचे फोटो. डॉक्टरांनी माझा बायोडेटा वरून खालपर्यंत पाहिला. मला वाटलं, आता विचारतील की कोणत्या केसेस पाहिल्या, टाके कोणते येतात, बेशुद्ध पेशंट आला तर आधी काय बघशील.

त्यांनी विचारलं, "टायपिंग येतं?"

मी म्हटलं, "येतं सर, पण मी ओटीत असिस्ट केलंय. अपेंडिक्स, हर्निया, सिझेरियन..."

"हो, हो. मराठी टायपिंग?"

"सर, माझी डिग्री क्लिनिकल आहे."

"चांगलंय. म्हणजे फोनवर पेशंटशी नीट बोलाल." मग जरा पुढं झुकून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "घरून मिसेसचे फोन आले तर सर ओटीत आहेत असं सांगायचं. जमेल?"

मी उठले. दारापर्यंत गेले आणि मग राहवेना म्हणून वळून म्हटलं, "सर, त्यासाठी तुम्ही आधी ओटीत असायला पाहिजे!"

त्या दिवशी स्टँडवर येईपर्यंत कानशिलं तापलेली होती. नोकरी नाही मिळाली त्याचं काही नाही. चार वर्षांत एकदाही कोणी मला मिसेसचे फोन कसे टाळायचे ते शिकवलं नव्हतं!

*

मग आम्हाला हळूहळू कळलं की भानगड नावाची नाहीच, गर्दीची आहे.

आमच्याकडच्या हॉस्पिटलांत सर्जनच्या हाताखाली आयुर्वेदवाले डॉक्टर असतात, होमिओपॅथीवाले असतात. तेही बिचारे नोकरीच शोधत आलेले. त्यांच्या खाली सिस्टर. त्यांच्या खाली वीस-वीस वर्षं तिथंच मुरलेले कंपाउंडर. या सगळ्यांच्या मधे कुठं फट दिसली तर तिच्यात आम्ही तिघांनी घुसायचं!

शहाद्याला एका हॉस्पिटलात एक जागा निघाली. एकच! नाझिया आणि मी सकाळच्या बसनं गेलो. वेटिंग हॉल गच्च भरलेला. जो तो इस्त्रीच्या कपड्यांत आणि प्रत्येकाच्या मांडीवर फाईल. माझ्या शेजारी एक दातांचे डॉक्टर बसले होते. मी म्हटलं, "सर, इथं दातांचा विभाग आहे?"

ते म्हणाले, "नाही. पण तो घरी तरी कुठं आहे!"

एवढ्यात एक म्हातारेबाबा आले. अंगात ताप, कानाला उपरणं गुंडाळलेलं. दारातच थबकले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, भिंतीला टेकून माणसं उभी, आणि सगळ्यांचे चेहरे उतरलेले. बाबांना वाटलं हे सगळे आपल्या आधी नंबर लावलेले पेशंट.

घाबरून त्यांनी विचारलं, "काय वं माय, कोनती साथ उनी शे?"

नाझिया म्हणाली, "बेकारीनी, बाबा!"

बाबांनी उपरणं नाकावर ओढलं आणि आल्या पावली परत फिरले. मी मागं धावले. त्यांना हाताला धरून आत आणलं, खुर्ची दिली, ताप बघितला आणि सिस्टरना सांगून आधी आत पाठवलं. त्या दिवशी त्या हॉलमध्ये एवढंच एक काम झालं. इंटरव्ह्यू झालेच नाहीत. जागा आदल्या दिवशीच भरली होती, म्हणे. मॅनेजर म्हणाला, "पाटी काढायची राहून गेली."

*

अनुभव! हा शब्द आता कानावर पडला तरी माझं डोकं फिरतं.

नंदुरबारला एका रस्त्यावर दोन हॉस्पिटलं समोरासमोर आहेत. नाझिया आधी डाव्या बाजूच्या हॉस्पिटलात गेली. डॉक्टर म्हणाले, "तुमचे मार्क्स चांगले आहेत, पण अनुभव नाही. अनुभव घेऊन या."

"कुठून घेऊ सर?"

"दुसरीकडे कुठंतरी काम करा. हे समोरच बघा ना."

नाझियाने रस्ता ओलांडला. समोरचे डॉक्टर म्हणाले, "आम्ही फ्रेशर घेत नाही. समोर जाऊन बघा, ते शिकवतात मुलांना."

दुसरी कोणी असती तर घरी गेली असती. नाझियाने परत रस्ता ओलांडला. पहिल्या डॉक्टरांच्या केबिनच्या दारात उभी राहिली आणि अदबीनं म्हणाली, "सर, समोरच्या सरांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. अनुभव तुमच्याकडेच मिळतो म्हणाले."

डॉक्टर चिडले. "असं कसं म्हणतात ते? त्यांच्याकडे जास्त पेशंट आहेत!"

नाझिया पुन्हा पलीकडे. "सर, ते म्हणाले, तुमच्याकडे जास्त पेशंट आहेत."

समोरचे डॉक्टर एकदम खूश! खुर्चीत मागं रेलले. "असं म्हणाला तो? खरंच म्हणाला? शब्द काय होते नेमके?"

नाझियाला चहा मिळाला, बिस्कीट मिळालं. नोकरी नाही मिळाली.

*

दिनेशचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

विसरवाडीच्या पुढे हायवेवर एका दवाखान्यात त्याला ट्रायलवर घेतलं. ट्रायल म्हणजे आधी काम करून दाखवायचं, मग बघू. पगाराचं नाव नाही. दिनेशनं तेही मान्य केलं. हायवेचा दवाखाना तो! ट्रकवाले, मोटरसायकलवाले, बसमधून पडलेले, सगळे तिथंच येणार. एक दिवस एका ट्रकनं वऱ्हाडाच्या टेम्पोला धडक दिली. मोठे डॉक्टर गावाला गेलेले. दिनेश आणि एक सिस्टर, दोघंच. डॉक्टरांना फोनवर विचारत विचारत दिनेशनं कोणाला आधी घ्यायचं ते ठरवलं, रक्त थांबवलं, हात-पाय फळीला बांधले, टाके घातले, दोघांना सलाईन लावून धुळ्याला रवाना केलं. सगळे वाचले, सगळेच्या सगळे!

दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांचा सत्कार झाला. दिनेशने हारवाल्याला आत यायला दार उघडलं.

महिना उलटला तसं डॉक्टर म्हणाले, "तुमचं काम उत्तम आहे, वसावे. पण सध्या पोस्ट नाही."

दिनेश म्हणाला, "ठीक आहे सर. मग अनुभवाचं सर्टिफिकेट तरी द्या."

"ट्रायलचं सर्टिफिकेट कसं देणार? रेकॉर्डला तुम्ही इथं नव्हताच!"

हे बोलणं चालू असतानाच त्या वऱ्हाडातला एक माणूस आत आला. कपाळावर पट्टी, सोबत बायको. डॉक्टरांना ओलांडून तो सरळ दिनेशकडे गेला. "डॉक्टरसाहेब, टाका काढाले उनू. तुम्हीच घालेल शेतस ना?"

मोठे डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "हं, वसावे, काढून टाका तेवढे."

दिनेश म्हणाला, "मी कसे काढणार सर? मी इथं नव्हतोच!"

असं म्हणाला खरा. मग हात धुतले आणि टाके काढले. त्या माणसाचं काय चुकलं होतं? आम्हाला हे सांगताना दिनेश पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदीत बोलत होता.

*

बरं, खोटं काम पाहिजे असेल तर आमच्याकडे एका दिवसात मिळतं! इंटरव्ह्यू नाही, अनुभव नाही, काही नाही.

माझ्या मामाच्या ओळखीचा एक माणूस घरी आला. एका मोठ्या बाजाराच्या गावात त्याचं मेडिकल स्टोअर. गावाचं नाव सांगत नाही. सोन्याची चेन, पांढरी पँट. म्हणाला, "ताई, मन्हा दुकानना मांगे खोली शे. टेबल-खुर्ची, पडदा, समदं मी दिसू. तुम्ही फक्त बठा. बोर्ड लावू, डॉक्टर वैशाली पाटील!"

मी म्हटलं, "पण मी डॉक्टर नाही."

"कोन इचारस!"

"मला स्वतःच्या नावावर औषध लिहायचा अधिकार नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करायचं असतं."

"मी शे ना देखरेखले!" त्याने छातीवर हात ठेवला.

माझा संताप अनावर झाला. म्हटलं, "अहो, माणूस मेला म्हणजे? मी डॉक्टर नाही, नाही, नाही!"

तो माणूस जराही ढळला नाही. समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुम्ही काब्र टेन्शन लेतस? आते जो बठेल शे, तो बी नही!"

आप्पांनी त्याला फाटकापर्यंत सोडलं. एरवी पाहुण्याला ते चौकापर्यंत सोडतात.

*

याच सुमारास नाशिकहून कॉलेजचा फोन आला. आमच्या बॅचची आठवण त्यांना कशी झाली, तर नवीन ॲडमिशन सुरू होणार होत्या! माहितीपत्रकात छापायला "आमचे यशस्वी विद्यार्थी" पाहिजे होते.

नाझिया तेव्हा दुकानात बसायची. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, "नाझिया, एक छान फोटो पाठव. कामाच्या ठिकाणचा."

"मॅडम, मला काम नाही."

"अगं, असेल की काहीतरी! व्हाइट कोट घाल म्हणजे झालं."

आता नाझियाला असं सांगणं म्हणजे... तिने पेटीतला पांढरा कोट काढला, इस्त्री केली, अंगात घातला आणि दुकानाच्या गल्ल्याशी उभी राहिली. मागं बांगड्याच बांगड्या, लाल, हिरव्या, सोनेरी, छतापर्यंत. अब्बा म्हणाले, "बेटी, गिऱ्हाईक डरके भाग जाएगा, बोलेगा सुई लगाती क्या!" त्यांच्याकडूनच तिने फोटो काढून घेतला आणि पाठवून दिला. कामाच्या ठिकाणचा!

आम्हाला वाटलं, शरमेनं फोन तरी करतील. छे! महिन्याभरात माहितीपत्रक छापून आलं. नाझियाच्या मागून दुकान गायब. तिथं चकचकीत ऑपरेशन थिएटर, वर गोल मोठा दिवा. कॉम्प्युटरवर सगळं पुसलं होतं, पण पुसणाऱ्याचं एका कोपऱ्याकडे लक्ष गेलं नव्हतं. त्यामुळे ओटीच्या दिव्याखाली हिरव्या बांगड्यांची एक माळ तशीच लोंबत राहिली होती.

खाली ओळ होती, "यशाच्या शिखरावर."

पुढच्याच आठवड्यात साक्री बाजूच्या एका मुलीचा नाझियाला फोन. कॉलेजनेच नंबर दिला होता. मुलगी गोड बोलत होती, "मॅडम, मी तुमचा फोटो बघूनच हा कोर्स घेणार आहे. फक्त एक विचारायचं होतं. तुमच्या हॉस्पिटलात ओटीत बांगड्या चालतात का?"

नाझियाने तिला खरं ते सगळं सांगितलं. मुलीने नर्सिंगला ॲडमिशन घेतली. कॉलेजनं नाझियाचा नंबर काढून टाकला.

*

घरी तोवर माझ्यासाठी स्थळ आलं. मुलाची मावशी पुढाकार घेऊन बोलत होती. "मुलगी काय करते?"

आईने सांगितलं. मावशींनी मान हलवली. "म्हणजे डॉक्टर."

"नाही."

"मग नर्स."

"नाही."

मावशी अस्वस्थ झाल्या. एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत म्हणाल्या, "डाक्टर बी नही, नर्स बी नही. मंग पत्रिकात नावना फुडे काय छापानं?"

आप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "आडनाव छापा!"

स्थळ गेलं. मला जराही वाईट वाटलं नाही, पण आई दोन दिवस आप्पांशी बोलली नाही.

*

आता आम्ही तिघंही कामाला आहोत. मी सुरतला आहे, नाझिया धुळ्याला.

सुरतचा इंटरव्ह्यू फोनवर झाला. पलीकडच्या सर्जनबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोणत्या केसेसना असिस्ट केलंय?" मला उत्तरच देता येईना. त्यांना वाटलं, लाइन कट झाली. "हॅलो? हॅलो?" म्हणत राहिल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला बरोबर प्रश्न विचारला होता!

पण राग जात नाही, खरं सांगते. आमच्या डोंगरातून आजही आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून खाली आणतात. दवाखान्यात आणल्यावर त्याचं बोलणं ऐकायला कोणी नसतं. आणि आम्हाला काय ऐकवतात, तर जागा नाहीत! आमच्या जिल्ह्याची माणसं उपचाराला सुरतेला येतात आणि मीही तिथंच त्यांना तपासते. मधलं भाडं फुकट घालवायचं!

दिनेश मात्र जिल्ह्यातच राहिला. ते कसं झालं, ते सांगते.

*

होळी नुकतीच झाली होती. काठीची होळी म्हणजे अख्खा डोंगर जागा असतो. दिनेशचा त्या वर्षी नवस होता. अंगावर राखेचे, तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके काढून तो पाच गावं नाचला होता. तिथून आंघोळ करून थेट इंटरव्ह्यूला गेला, तळोद्याकडच्या एका सर्जनच्या हॉस्पिटलात. कानामागे दोन-चार ठिपके राहून गेले होते.

डॉक्टरांनी फाईल न उघडताच मानेकडे बोट केलं. "हे काय? फंगल आहे का?"

"होळी आहे, सर."

त्या भागात वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करणारा माणूस!

"हे बघ," डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे दोन आयुर्वेदवाले आहेत, एक होमिओपॅथीवाला आहे, सिस्टर आहेत. तुला कुठं बसवू?"

"बसायला नाही आलो सर, टेबलापाशी उभं राहायला आलो."

"पुढच्या वर्षी बघू."

दिनेशने फाईल उचलली आणि बाहेर आला. बाहेर आरडाओरडा चाललेला. डोंगरातली एक म्हातारी भिंतीला पाठ लावून बसली होती, हातात नवऱ्याचं पागोटं. नवरा आत स्ट्रेचरवर कण्हत होता. हर्नियात आतडं अडकलेलं, ताबडतोब ऑपरेशन पाहिजे. आणि सगळा स्टाफ तिच्याभोवती गोळा होऊन, संमतीचा कागद पुढे करून मराठीत ओरडत होता, "आजी, अंगठा! अंगठा द्या!" तिला कळेना, तसे हे आवाज चढवायचे. जशी काही ती बहिरी आहे! ती एकसारखी मान हलवत होती. शेवटी सिस्टर म्हणाली, "नाही म्हणतेय सर. तयार नाही."

"मग धुळ्याला न्या म्हणावं," डॉक्टर आतून म्हणाले.

धुळे! तिथं पोचेपर्यंत आतडं सडलं असतं.

दिनेश फाईल बाजूला ठेवून तिच्याशेजारी जमिनीवर बसला. भिलीत विचारलं, काय झालं. म्हातारी घडाघडा बोलायला लागली. दिनेशनं ते आम्हाला मराठीत सांगितलं, तसंच सांगते. ती म्हणाली, "सगळे अंगठा दे म्हणतात. काय करणार ते कोणीच सांगत नाही. आमच्या पाड्यावरच्या एकाला असंच नेलं, अंगठा घेतला आणि पाय कापून पाठवला. माझ्या माणसाचा पाय मी देणार नाही."

दिनेशनं रुमाल काढला. बोटांचं गोल कडं केलं आणि रुमालाचं टोक त्यातून बाहेर ओढून दाखवलं. "हे असं आतडं बाहेर आलंय आणि अडकलंय. डॉक्टर ते आत सारणार आणि भोक शिवणार. पायाला कोणी हात लावणार नाही."

म्हातारीने रुमालाकडे पाहिलं, दिनेशच्या कानामागच्या ठिपक्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "तू आत असशील?"

आता सगळे दिनेशकडे बघायला लागले. डॉक्टरही दारात येऊन उभे होते. दिनेश म्हणाला, "सर, ती विचारतेय मी आत असेन का. असेन तर अंगठा देते म्हणतेय."

डॉक्टरांनी तेव्हा दिनेशने बाजूला ठेवलेली फाईल उचलली आणि पहिल्यांदा उघडली. उभ्या उभ्या दोन पानं वाचली. स्ट्रेचरवरचा माणूस पुन्हा कण्हला.

"गाऊन घाल," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन चांगलं झालं. आतडं वाचलं. दुपारी म्हाताऱ्याला वॉर्डात आणलं, तेव्हा म्हातारीने कोणाशीही न बोलता आधी चादर वर केली आणि दोन्ही पाय बघितले. अंगठे दाबून बघितले. मग चादर नीट केली, पागोटं उशाशी ठेवलं आणि पहिल्यांदा हसली.

डॉक्टर राउंडला आले. दिनेश पलंगापाशी नाडी बघत होता. म्हातारीने डॉक्टरांना निरखून पाहिलं आणि त्यांच्याकडे बोट करत दिनेशला भिलीत काहीतरी विचारलं. दिनेशने उत्तर दिलं. आजूबाजूच्या पलंगांवरची डोंगरातली माणसं खो खो हसायला लागली. एकाने तर टाक्यांवर हात दाबून धरला.

डॉक्टर म्हणाले, "काय विचारतेय ती?"

दिनेश म्हणाला, "विचारतेय, हा माणूस तुझ्याकडे कधीपासून कामाला आहे."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आजच लागलाय!"